तृतीयपंथी बंद्याची पहिली रात्र कोणत्या बराकीत?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जानेवारी 2021 मध्ये अंजली पाटील निवडून आल्या, तेव्हा ती बातमी सगळीकडे कौतुकाने छापून आली होती. स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवरचा त्यांचा उमेदवारी अर्ज त्या तृतीयपंथी आहेत या कारणाने आधी फेटाळला गेला होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी, त्यांनी स्वीकारलेली स्त्री ही ओळख ग्राह्य धरून, त्यांना त्या जागेवरून निवडणूक लढवू दिली, हेही आपल्या वाचकांना आठवत असेल. निवडणुकीपुरता तो प्रश्न आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाने आणि एका न्यायालयाने निकाली काढला. मला आज लिहायचे आहे ते कारागृहाविषयी. एखादी ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदलेली पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती, न्यायालयीन कोठडीच्या वॉरंटसह, पोलिसांच्या पहाऱ्यात, संध्याकाळी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कारागृहाच्या दारात उभी राहते, तेव्हा तिची झडती कोणी घ्यायची, तिचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे आणि तिला त्या रात्री कुठे झोपवायचे हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर ठरवते?

मी अनेक वर्षे जळगाव जिल्ह्यातील न्यायालयांत फौजदारी वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील म्हणून कारागृहात बंद्यांना भेटायला जातो. माझ्या पाहण्यात हा निर्णय त्या वेळी कामावर असलेला तुरुंगाधिकारी घेतो, आणि वॉरंटवर ‘पु.’ लिहिले आहे की ‘स्त्री’ एवढ्यावरून घेतो. वॉरंटवरचे ते अक्षर पोलिसांच्या कागदांवरून आलेले असते, पोलिसांच्या कागदांवरचे आधार कार्डावरून, आणि आधार कार्डावरचे बहुधा शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे त्या व्यक्तीने घर सोडण्याआधीच्या आयुष्यातून. अधिकारी मनाने वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. दिवसभरात न्यायालयांतून आलेल्या बंद्यांची रांग त्याच्यासमोर बसलेली असते, बराकी क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या असतात, बराकींना कुलूप लावण्याची वेळ होत आलेली असते, आणि अशा प्रसंगी काय करायचे याचा लेखी आदेश मी तरी कोणाच्या टेबलावर पाहिलेला नाही. मग तो हाताशी असलेले करतो. तिला पुरुषांच्या बराकीत पाठवतो, किंवा तिथे काही विपरीत घडू नये म्हणून एकट्या कोठडीत बंद करतो. दोन्ही वेळी तिला स्वतःला कोणी काही विचारलेले नसते.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका न्यायालयाच्या व्हरांड्यात अशीच एक अशिलीण माझ्या शेजारी बाकावर बसली होती. आरोप मारामारीचा होता आणि जामिनाचा अर्ज त्या दिवशी निघणार नव्हता, हे मी तिला सांगितले. कलमे कोणती, किती दिवस लागतील, वकिलाची फी कोण देणार, यातले काहीही तिने विचारले नाही. दोन्ही हातांनी वेणी पुढे घेऊन तिने विचारले, “वकीलसाहेब, जेलमा मन्हा केस काटतीन का?” तो प्रश्न किती खोलवरचा आहे हे मला पुढे तिच्याशी झालेल्या भेटींतून उमगत गेले. केस, साडी, बांगड्या, स्वतः घेतलेले नाव, यांच्यासाठी तिने आईबापांचे घर सोडले होते आणि पंधरा-सोळा वर्षांची असताना मार खाल्ला होता. त्या गोष्टी काढून घेणे म्हणजे तुरुंगाची शिस्त लावणे, असे तिथल्या कर्मचाऱ्यांना वाटत होते. तिच्या लेखी ती शिक्षाच होती, आणि ती कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नव्हती.

वास्तविक कायद्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात 15 एप्रिल 2014 रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे असे स्पष्ट सांगितले आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरवले. तो निकाल राज्यघटनेच्या अनुच्छेद 14, 15, 16, 19 आणि 21 वर उभा आहे, आणि हे अनुच्छेद कारागृहाच्या दाराशी गळून पडत नाहीत, हे त्याच न्यायालयाने, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने, सुनील बत्रा या बंद्याच्या दोन प्रकरणांत 1978 आणि 1979 साली सांगून ठेवले होते. त्यातले दुसरे प्रकरण तर बत्रा यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रावरून सुरू झाले. पैशांसाठी वॉर्डरने दुसऱ्या एका बंद्याचा कसा छळ केला, हे त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहून कळवले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. न्यायालयाने कोणाचे स्वातंत्र्य काढून घेतले, तरी त्याची शारीरिक सुरक्षितता आणि प्रतिष्ठा सांभाळण्याची जबाबदारी त्या क्षणापासून पूर्णपणे सरकारवर येते, असा त्याचा अर्थ आहे. बाहेर माणूस स्वतः पळू शकतो, दार लावून घेऊ शकतो, शेजाऱ्याला हाक मारू शकतो. कुलूपबंद बराकीत यातले त्याच्या हातात काहीच राहत नाही.

पुढे 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला आणि 10 जानेवारी 2020 पासून अमलात आला. बरोबर दोन वर्षांनी, 10 जानेवारी 2022 रोजी, केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व राज्यांना एक सविस्तर सूचनापत्र पाठवले आणि त्यात कारागृहातील तृतीयपंथी बंद्यांविषयी जवळजवळ प्रत्येक व्यावहारिक प्रश्न हाताळला. प्रवेशाच्या नोंदवहीत तृतीयपंथी हा वेगळा रकाना असावा. ती व्यक्ती सांगेल त्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने, किंवा त्यासाठी प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्याने तिची झडती घ्यावी, आणि ती घेताना आडोसा व प्रतिष्ठा राखावी. ट्रान्स पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यांच्यासाठी वेगवेगळी स्वतंत्र जागा असावी, शौचालय आणि स्नानगृह स्वतंत्र असावे, मात्र या वेगळेपणातून त्यांना पूर्णपणे एकटे पाडले जाऊ नये आणि त्यांच्यावरचा सामाजिक कलंक वाढू नये. ज्यांच्याकडे तृतीयपंथी असल्याचे जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र नाही त्यांना ते मिळवण्यासाठी मदत करावी, आणि कर्मचाऱ्यांना या सगळ्याचे प्रशिक्षण द्यावे. हे सूचनापत्र म्हणजे कायदा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण त्यात लिहिलेल्या गोष्टी 2014 च्या निकालातून सरळ निघतात, आणि तो निकाल राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 नुसार देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे.

इथे एका शंकेचे उत्तर द्यायला हवे, कारण ती मला बार रूममध्येही ऐकू येते. ‘असे किती लोक असतात? चार-दोन माणसांसाठी एवढी यंत्रणा कशाला?’ राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक तुरुंग अहवालात 2020 पूर्वी तृतीयपंथी बंद्यांची मोजणीच होत नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाल्यानंतर तो रकाना आला. त्या वर्षीच्या अखेरीस देशभरात 4,88,511 बंद्यांत 70 तृतीयपंथी नोंदले गेले, आणि 2022 च्या अखेरीस 5,73,220 बंद्यांत 97. आकडा लहान आहे हे खरे. परंतु 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात चाळीस हजारांहून अधिक लोक नोंदले गेले होते हे लक्षात घेतले, आणि वॉरंटवर ‘पु.’ असलेली प्रत्येक ट्रान्स स्त्री कारागृहाच्या हिशेबात पुरुष म्हणूनच धरली जाते हे माहीत असले, तर 97 हा आकडा फार तर ज्यांची ओळख कागदावर पोहोचली त्यांचा आहे, असे मला वाटते. कारागृहाच्या नोंदवहीतला रकाना ही क्षुल्लक बाब नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. एक रकाना काढल्याने आणि एक घातल्याने आतल्या माणसाची कामे, जागा आणि वागणूक बदलते, हे न्यायालयाला पटले, तसे ते प्रशासनालाही पटायला हरकत नसावी.

पण संख्या लहान असण्यातूनच खरी अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे मी आपल्या वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. मोठ्या मध्यवर्ती कारागृहात स्वतंत्र विभाग करणे एक वेळ शक्य आहे. आपल्याकडच्या जिल्हा कारागृहात एखाद्या महिन्यात एकच ट्रान्स स्त्री बंदी असते, आणि एकटीसाठी ‘स्वतंत्र जागा’ म्हणजे प्रत्यक्षात एकांतवास होतो. दिवसाचे बहुतेक तास भिंतीकडे पाहत काढायचे, जेवण दारातून घ्यायचे, अंगणात फिरायला सोडायचे ते इतर सगळे आत गेल्यावर. एकांतवास हा कायद्याने स्वतंत्र शिक्षेचा प्रकार आहे, न्यायालयाने दिल्याशिवाय तो कोणाला देता येत नाही, आणि 1978 च्या सुनील बत्रा निकालाचा गाभाच तो आहे. संरक्षणाच्या नावाखाली तीच शिक्षा कच्च्या कैद्याला देणे कसे चालेल?

यावर दुसरा सोपा उपाय सुचवला जातो, तो म्हणजे नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात पाठवून देणे. नंदुरबारच्या किंवा रावेरच्या बाईला नाशिकला पाठवले की तिचा वकील, तिची माणसे आणि तिचा खटला चालणारे न्यायालय हे सगळे एकदम दूर पडते. तारखेला प्रत्यक्ष आणण्याऐवजी व्हिडिओवर उभे केले जाते, आणि वकिलाशी चार शब्द खासगीत बोलण्याची संधीही जाते. तिने स्वतः मागितले तर जरूर पाठवावे. तिला न विचारता पाठवणे हा मात्र प्रशासनाची गैरसोय टाळण्याचा मार्ग आहे.

शिवाय सगळ्या तृतीयपंथी बंद्यांना एकत्र ठेवले की प्रश्न मिटला, असेही समजू नये. भुसावळ जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्या, बाजारपेठा, लग्नाची आणि बारशाची घरे, यांतून मंगती (पैसे मागणे) आणि बधाईवर (शुभप्रसंगी आशीर्वाद देऊन मिळणारी बिदागी) ज्यांचे पोट चालते, त्यांच्यात हद्दीवरून वाद होतात आणि कधी मारामारीपर्यंत जातात. मग दोन्ही गटांवर परस्परविरोधी गुन्हे दाखल होतात, आणि दोन्हीकडच्या बंदी एकाच दिवशी एकाच कारागृहात येतात. त्यांना ‘सारख्याच’ म्हणून एका खोलीत कोंडणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांच्याशी दोन मिनिटे बोलणे केले असते, तर ही चूक टळली असती. मी वारंवार त्याच मुद्द्याकडे येतो आहे याची मला जाणीव आहे. आधी विचारा, तिचे म्हणणे लिहून घ्या, आणि मग ठरवा.

स्त्रियांच्या बराकीविषयी बोलताना स्त्री बंद्यांच्या भीतीची टिंगल करून चालणार नाही. आत असलेल्या कितीतरी बायका स्वतः पुरुषांच्या मारहाणीतून आणि अत्याचारातून आलेल्या असतात. अनोळखी व्यक्ती रात्री शेजारी झोपणार म्हटल्यावर त्यांना धास्ती वाटली तर ती समजून घ्यायला हवी. पण या भीतीवरचा उपाय ट्रान्स स्त्रीला साठ-सत्तर पुरुषांच्या बराकीत ढकलणे हा असू शकत नाही. प्रत्येक प्रकरणात ती व्यक्ती काय सांगते, गुन्ह्याचे स्वरूप काय, पूर्वी कोणावर अत्याचार केल्याची नोंद आहे का, तिला कोणापासून धोका आहे, हे पाहून लेखी निर्णय घ्यावा, आणि त्याचा काही दिवसांनी पुन्हा विचार करावा. माझ्या मते जिल्हा कारागृहात सर्वांत व्यवहार्य व्यवस्था म्हणजे स्त्री विभागाच्या आवारातच झोपण्यासाठी वेगळी खोली, वेगळे स्नानगृह, आणि दिवसा शिलाई, वाचन, जेवण व अंगण सर्वांबरोबर. तिथे पहाऱ्याला स्त्री कर्मचारी असतात, एकांतवासही होत नाही आणि इतर बायकांची रात्रीची झोपही निर्धास्त राहते. एखादी ट्रान्स स्त्री स्त्री विभागात जायला नको म्हणाली, तर तिच्या त्या म्हणण्यालाही तेवढीच किंमत द्यावी. ट्रान्स पुरुषांचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

पुरुषांच्या बराकीत काय घडते, याविषयी मी जपून लिहितो, कारण ज्यांनी मला सांगितले त्यांची ओळख उघड होता कामा नये. एवढे सांगतो की पहिल्या दोन-तीन रात्रींतच बहुतेक गोष्टी ठरून जातात. कोणाची गादी कुठे, कोण कोणाचे कपडे धुणार, कोणाला ‘संरक्षण’ हवे असेल तर त्याने बदल्यात काय द्यायचे. तक्रार करायची तर ज्या शिपायाकडे करायची तो त्याच बराकीच्या मुकादमाकडून काम करून घेत असतो. म्हणून माझा सगळा भर पहिल्या रात्रीवर आहे. आठवड्याने केलेल्या बदलीने झालेले नुकसान भरून निघत नाही.

आणि अत्याचार झालाच तर कायदा काय देतो? भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेल्या कृत्याची आहे, आणि ती सिद्ध झाल्यास किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. कारागृहाच्या कर्मचाऱ्याने तिथल्या स्त्रीवर केलेला बलात्कार तर संहितेने विशेष गंभीर मानला आहे. तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला 2019 च्या कायद्याच्या कलम 18 ने सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली. पूर्वी अशा वेळी भारतीय दंड विधानाचे कलम 377 लावता येत होते. संमतीने ठेवलेले संबंध 2018 मध्ये त्यातून वगळले गेले, हे योग्यच झाले. पण 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली तेव्हा संमतीविरुद्धच्या कृत्यांचा भागही तिच्यात आला नाही. त्यामुळे तपास अधिकारी ट्रान्स स्त्रीला ‘स्त्री’ मानतो की नाही यावर आरोपीची शिक्षा दहा वर्षांची की दोन वर्षांची हे अवलंबून राहते. संसदेने ही उणीव भरून काढली पाहिजे. तोपर्यंत प्रत्येक सरकारी वकिलाने आणि तपास अधिकाऱ्याने 2014 च्या निकालाच्या आधाराने स्त्री म्हणूनच गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये, पुरुषांच्या तुरुंगात ठेवलेल्या डी फार्मर या ट्रान्स स्त्रीच्या दाव्यात, गंभीर धोका ठाऊक असूनही अधिकाऱ्याने त्याकडे काणाडोळा केला तर तो घटनेचा भंग आहे असे म्हटले. आपल्याकडेही नीलाबती बेहेरा प्रकरणात 1993 मध्ये कोठडीतल्या मृत्यूबद्दल राज्याला भरपाई द्यायला लावली गेली, तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव इथेही फार काळ टिकणार नाही.

बाहेर पडण्याचा मार्गही यांच्यासाठी अरुंद आहे. जामीन मंजूर होतो, पण हमीदार लागतो, आणि हमीदाराला सातबारा उतारा नाहीतर घरपट्टीची पावती लागते. सख्खा भाऊ सही करायला येत नाही. तृतीयपंथी समाजात जिच्या आश्रयाने ती राहते ती गुरू येते, पण तिच्या नावावर जमीन नसते, आणि अधिकृत कागदांवर ती कोणाची कोणीच लागत नाही. मुलाखतीच्या खिडकीपाशीही ‘नाते काय?’ या प्रश्नापाशीच तिला अडवले जाते. दहा-पंधरा वर्षे जिने जेवू घातले, आजारपण काढले, तिचे नाव मुलाखतीच्या यादीत नातेवाईक म्हणून का लिहिता येऊ नये? ज्यांना कोणी हमीदार नाही त्यांना जातमुचलक्यावर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात हमी देता आली नाही तर ती व्यक्ती निर्धन समजावी, असे कायदाच सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 खाली, पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर काही अपवाद सोडून सुटकेचा हक्क तयार होतो. या तरतुदी वापरायला हव्या, आणि त्या वापरणे हे आम्हा वकिलांचे काम आहे.

औषधांविषयी थोडक्यात. एचआयव्हीची एआरटीची गोळी एक दिवसही चुकता कामा नये, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले हार्मोनचे उपचार एकाएकी तोडल्यास शरीर व मन दोन्ही बिघडतात. दाखल होतानाच्या वैद्यकीय तपासणीत या दोन गोष्टी विचारल्या आणि लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या बराकीत इतरांना कळू न देता.

‘गुन्हा केला तर भोगू द्या’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. 2022 च्या अखेरीस देशातल्या बंद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. आणि खान्देशाने तुरुंगाकडे कधीच केवळ घृणेने पाहिलेले नाही. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. कोणाला कुठल्या दारातून आत घ्यायचे आणि आत घेतल्यावर कसे वागवायचे, हा प्रश्न या मातीला नवा नाही.

आता प्रत्यक्षात काय व्हावे ते लिहितो. कारागृह अधीक्षकांनी एका पानाचा लेखी स्थायी आदेश काढून प्रवेशाच्या टेबलावर लावावा. ओळख प्रमाणपत्र असो वा नसो, प्रत्येक बंद्याला तिची ओळख खासगीत विचारावी, झडती कोणाकडून हवी हे विचारावे, पहिल्या रात्रीची जागा तिच्याशी बोलून अधीक्षकांनी स्वतः ठरवावी आणि कारण नोंदवावे, आणि केस व कपडे यांबाबत ट्रान्स स्त्रीला स्त्री बंद्यांचे नियम लावावेत. दुसऱ्या दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, म्हणजे पॅनेलवरचा किंवा लोक अभिरक्षक कार्यालयाचा (आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) वकील चोवीस तासांत भेटेल. कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 ने दिलेला आहे, आणि 15100 या क्रमांकावर तिच्या गुरूला किंवा चेल्यांना बाहेरूनही मदत मागता येते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिल्याच रिमांडच्या वेळी आरोपीला ओळख विचारून वॉरंटवर तशी नोंद केली, तर पुढचे निम्मे प्रश्न कारागृहाच्या दारापर्यंत पोहोचणारच नाहीत; मी आणि माझे सहकारी तसा अर्ज आता रिमांडच्या दिवशीच देत आहोत, इतर तालुक्यांतल्या वकील मित्रांनीही द्यावा. जिल्हाधिकाऱ्यांनी कारागृहातून आलेले ओळख प्रमाणपत्राचे अर्ज बाजूला न ठेवता मुदतीत निकाली काढावेत. आणि कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर तृतीयपंथी समाजातील एक प्रतिनिधी घ्यावी. निवडून आलेल्या आणि निवडणूक लढवलेल्या व्यक्ती आपल्याच जिल्ह्यात आहेत, शोधत दूर जावे लागणार नाही.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांनी जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील कारागृह अधीक्षकांना तीन गोष्टी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे: 2022 च्या सूचनापत्रानुसार आपल्याकडे लेखी आदेश आहे का, प्रवेशाच्या नोंदवहीत तो रकाना आहे का, आणि आज रात्री एखादी ट्रान्स स्त्री दाखल झाली तर ती कोणत्या खोलीत झोपेल. मिळालेली उत्तरे कारागृहाच्या नावासह आपल्या दैनिकात छापावीत. कोणत्याही बंद्याचे नाव मात्र छापू नये.

आपला,
एक वकील वाचक,
जि. जळगाव